तसबिरींतील पवित्र कुटुंब



गेल्या वर्षीं आमच्या वर्गांतील मुलांस 'माझें घर' या विषयावर एक चित्र काढावयास सांगितलें होतें. आंबेगांव तालुक्याच्या पश्चिम भागांतील एका खेड्यांतून आलेल्या मुलाच्या चित्रांत मध्यभागीं वडील बसलेले, त्यांच्या डाव्या हातास आई, दोहों बाजूंस आजी व थोरली बहीण उभ्या आणि पायांशीं धाकटा भाऊ, अशी मांडणी होती. सर्वांचीं तोंडें समोर. या मुलाचे वडील मुंबईस नोकरीला असून वर्षांतून दोनदां, गणपतीला आणि गांवच्या जत्रेला, घरीं येतात हें मला ठाऊक होतें. मीं त्यास सहज विचारलें, "अरे, वडील तर मुंबईस असतात ना?" तो जरा गोंधळला व म्हणाला, "हो सर, पण चित्रांत सगळे असावे लागतात."

'असावे लागतात' हा नियम त्यास कोणीं शिकविला असेल? शाळेंत तो कोणीं सांगितला नव्हता. पुढें कांहीं कामानिमित्त त्याच्या गांवीं जाण्याचा योग आला, तेव्हां उलगडा झाला. माजघरांत देव्हाऱ्याच्या वर, धुरानें काळवंडलेल्या चौकटींत, रामपंचायतनाची एक जुनी तसबीर टांगलेली होती. मध्यें राम, डाव्या हातास सीता, आजूबाजूस भाऊ उभे आणि पायांशीं हात जोडून मारुती. मुलाच्या चित्राची मांडणी हीच होती. माणसें तेवढीं त्याच्या घरचीं होतीं. हा नियम त्यास घरच्या भिंतीनें शिकविला होता.

आम्हां ख्रिस्ती लोकांच्या घरींही अशा तसबिरी असतात. आमच्या पंथांत चित्रपूजा नाहीं. तरी योसेफ, मरीया व बाळ येशू यांचें चित्र, पुष्कळदां एखाद्या जुन्या दिनदर्शिकेंतून कापून घेतलेलें, आमच्या भिंतीवर दिसतें. मग मनांत आलें कीं, हीं पवित्र कुटुंबांचीं चित्रें आलीं कोठून, आणि तीं आपणांस काय शिकवितात, याचा एकदां नीट विचार करावा. त्या विचाराचें सार या लेखांत आपणांपुढें ठेवीत आहें.

आरंभींच एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. कुटुंबाचें चित्र पाहिलें म्हणजे तें कुटुंब तसेंच होतें असें आपण समजतों. वास्तविक घर कसें असावें याविषयीं चित्र काढविणाऱ्याची जी कल्पना असते, तीच चित्रांत उतरते. म्हणून अशा चित्रांत कोण मध्यें आहे, कोण कडेस आहे आणि कोण मुळींच नाहीं, हें पाहिलें म्हणजे त्या काळच्या समाजाचें मन कळूं लागतें.

याचें एक फार जुनें उदाहरण आपल्या जुन्नर तालुक्यांतच आहे. कोंकणांत उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर एक लेणें आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीं सातवाहन राजघराण्यानें तेथें आपल्या कुटुंबांतील माणसांच्या मूर्ति एका ओळींत कोरविल्या. त्या मूर्ति आज नष्ट झाल्या आहेत. परंतु त्यांच्या जागेवर ब्राह्मी लिपींत कोरलेलीं नांवें अभ्यासकांनीं वाचलीं आहेत. राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका व राजा सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी आणि कुमार सातवाहन अशीं तीं नांवें आहेत. यांतील महारठी हा राणीचा पिता असावा असें विद्वानांचें मत आहे. तसें असल्यास सासऱ्यास राजाच्या कुटुंबांत मानाचें स्थान मिळालें, म्हणजे त्या सोयरिकीस राज्यांत केवढें महत्त्व होतें तें दिसतें. शेजारच्या भिंतींवर यज्ञांची व दिलेल्या दक्षिणांची लांबलचक यादी कोरली आहे. आणि हें सर्व कोठें, तर व्यापाऱ्यांचे तांडे ज्या घाटानें चढत व उतरत, त्या वाटेवर! आमचें घराणें एकजुटीचें व धर्मशील आहे, हें येणाऱ्याजाणाऱ्यास दिसावें, हाच हेतु उघड दिसतो.

परंतु दगडांत कोरलेली मूर्ति एका जागीं राहते. ती पाहावयाची तर घाट चढून जावें लागतें. कागदावर छापलेलें चित्र मात्र गरिबाच्याही घरीं जाऊन बसतें. म्हणून कुटुंबाच्या आदर्शाचा खरा प्रसार झाला तो छापील चित्रांनीं, आणि हें काम मोठ्या प्रमाणावर प्रथम झालें तें युरोपांत, सोळाव्या व सतराव्या शतकांत. कलेच्या इतिहासांत यांतील पुढच्या काळास 'बरोक' काळ म्हणतात. त्या वेळीं चित्र छापण्याची मुख्य रीत अशी होती : तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर पोलादी टोचणीनें रेघा कोरावयाच्या, त्या रेघांत शाई भरून पत्र्याचा बाकीचा भाग पुसून काढावयाचा, आणि ओलसर कागद वर ठेवून तो लाटेच्या दाबयंत्रांतून काढावयाचा. एका पत्र्यावरून शेंकडों प्रती निघत. त्यांतील लहान चित्रें प्रार्थनेच्या पुस्तकांत खूण म्हणून ठेवण्याजोगीं असत.

आतां या चित्रांतील योसेफाकडे पाहा. शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडचा एकही शब्द नोंदलेला नाहीं, आणि त्याचें वयही दिलेलें नाहीं. मागाहून रचलेल्या कांहीं कथांत त्यास वयोवृद्ध विधुर ठरविलें आहे, आणि मध्ययुगांतील चित्रकारांनीं तेंच उचललें. येशूजन्माच्या जुन्या चित्रांत पांढऱ्या दाढीचा योसेफ पुष्कळदां एका कोपऱ्यांत डुलक्या घेत बसलेला दिसतो. त्या काळीं उत्तर युरोपांत दुसरें एक चित्र फार लोकप्रिय होतें. त्यांत मरीयेची आई हन्ना, तिच्या इतर मुली, जांवई व नातवंडें असा मोठा गोतावळा भोंवतीं बसलेला असे. तें एक प्रकारें तिकडील एकत्र कुटुंबाचेंच चित्र होतें.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हें सर्व पालटूं लागलें. ट्रेंट येथील धर्मसभेनें १५६३ सालीं दोन महत्त्वाचे ठराव केले. विवाह धर्मगुरु व साक्षीदार यांच्या समक्ष झाला पाहिजे, असा एक ठराव. आणि चित्रांनीं लोकांस योग्य शिकवण द्यावी, असा दुसरा. हन्नेच्या गोतावळ्याच्या कथेस बायबलाचा आधार नसल्यामुळें ती मागें पडली व चित्रांत तिघेंच उरलीं : पिता, माता व मूल. त्याच सुमारास योसेफ तरुण होऊं लागला. स्पेनमधील आविलाच्या तेरेसेनें १५६२ सालीं स्थापलेल्या आपल्या पहिल्या मठास योसेफाचें नांव दिलें. १६२१ सालीं पोपनें योसेफाचा सण सर्व चर्चमध्यें पाळावा अशी आज्ञा केली. सेव्हिल येथील चित्रकार पाचेको याच्या १६४९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत तर, योसेफ तिशीच्या पुढचा, धडधाकट पुरुष दाखवावा, असें स्पष्ट सांगितलें आहे. कारण उघड आहे. कष्ट करून बायकामुलांस पोसणारा, घरांत जबाबदारीनें वागणारा पुरुष समाजास हवा होता. आणि डुलक्या घेणाऱ्या म्हाताऱ्याकडे पाहून तो धडा कोण शिकणार?

हा धडा घरोघर पोंचविण्याचें काम ज्या शहरांनीं केलें त्यांत आंटवर्प हें प्रमुख होय. तेथील हिएरोनिमुस विरिक्स (१५५३–१६१९) या कोरक्यानें बाळ येशूच्या बालपणावर लहान चित्रांची एक माला कोरली. तिच्यांत योसेफ सुताराचें काम करीत आहे, मरीया घरकामांत गुंतली आहे, आणि बाळ येशू हातांत झाडू घेऊन जमिनीवर पडलेला लाकडाचा भुसा व ढलप्या झाडीत आहे. देवदूतही रिकामे बसलेले नाहींत. तेही घरकामास हातभार लावतात. बायबलांत यांपैकीं एकही प्रसंग नाहीं. परंतु कारागिरांच्या त्या शहरांत प्रत्येक बापास वाटे कीं आपल्या मुलानें असें आज्ञाधारक असावें व लहानपणापासून कामास लागावें. देवाच्या पुत्राच्या हातीं झाडू दिल्यावर मग कोणत्या मुलास तो हातीं धरण्याची लाज वाटणार?

फ्रेंच कोरक्या झाक कालो (१५९२–१६३५) यानें पवित्र कुटुंबाचें जेवण दाखविलें आहे. एका वाटोळ्या चित्रांत तिघें मेजाशीं बसलीं आहेत, दिव्याचा उजेड पडला आहे आणि योसेफ स्वतः बाळाच्या ओंठांस पेला लावीत आहे. मुलास भरविणें हें बापाचेंही काम आहे, ही गोष्ट या लहानशा चित्रानें किती सौम्यपणें सांगितली आहे! आपल्याकडील पुष्कळ घरांत ती अजून सांगावी लागते.

हीं चित्रें युरोपांतच राहिलीं नाहींत. ज्या काळीं आपलें जुन्नर अहमदनगरच्या निजामशाहींत होतें, त्या काळीं, १५८० सालीं, गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री फत्तेपूर सिक्रीस अकबर बादशहाच्या दरबारीं पोंचले. आंटवर्पच्या प्लांतँ छापखान्यांत छापलेलें अनेक भाषांतील आठ खंडांचें बायबल त्यांनीं बादशहास नजर केलें. पुढें विरिक्स बंधूंनीं कोरलेलीं व अन्य युरोपीय चित्रेंही हिंदुस्थानांत आलीं आणि मोगल चित्रकार त्यांवरून अभ्यास करूं लागले. अबुल हसन या मुलानें, वयाच्या तेराव्या वर्षीं, जर्मन चित्रकार ड्यूरर याच्या कोरीव चित्रांतील संत योहानाची आकृति काढली. ती आजही जतन केलेली आहे. आपल्या वर्गांतील चित्रकलेची आवड असलेल्या मुलांनीं हें ध्यानांत ठेवावें. याच सुमारास गोव्यांत फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) ख्रिस्ताची कथा मराठी ओवींत आणीत होते. त्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापून निघालें.

महाराष्ट्रांत घरोघर रंगीत तसबिरी पोंचल्या त्या मात्र याहून पुष्कळ उशिरां, आणि वेगळ्या यंत्रानें. जर्मनींतील सेनेफेल्डर यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस शिळाछापाची युक्ति शोधून काढली. तेल व पाणी मिसळत नाहींत या साध्या तत्त्वावर ती आधारलेली आहे. तेलकट खडूनें दगडावर चित्र काढावयाचें, दगड ओला करावयाचा, आणि वर शाईचा रूळ फिरवावयाचा. शाई चित्रासच चिकटते, ओल्या दगडास चिकटत नाहीं. प्रत्येक रंगासाठीं वेगळा दगड घेतला म्हणजे रंगीत चित्र तयार होतें. १८७८ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनीं पुण्यांत चित्रशाळा काढली. तिच्या आरंभींच्या व अतिशय खपलेल्या चित्रांत रामपंचायतन होतें. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत छापखाना घातला व तो पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस नेला. त्यांच्या यशोदाकृष्णासारख्या चित्रांनीं माउलीचें वात्सल्य घराघरांत पोंचविलें.

आंटवर्पचें पवित्र कुटुंब व पुण्याचें रामपंचायतन यांची तुलना मोठी बोधप्रद आहे. एका चित्रांत तीन माणसें व सुताराचीं हत्यारें. दुसऱ्यांत सिंहासन व चार भाऊ. पहिल्यांतील सद्गुण श्रम व आज्ञापालन हा, तर दुसऱ्यांतील बंधुप्रेम व मर्यादा हा. ज्या समाजांत जमिनीची वांटणी झाली कीं घर मोडतें, त्या समाजानें भावाभावांची एकी पूज्य मानावी यांत नवल नाहीं. परंतु त्या चित्रांत कोण नाहीं हेंही पाहा. लक्ष्मण आहे, ऊर्मिला नाहीं. भरत आहे, मांडवी नाहीं. शत्रुघ्न आहे, श्रुतकीर्ति नाहीं. एकत्र कुटुंब ज्यांच्या कष्टांवर चालतें त्या सुनांस त्या कुटुंबाच्या आदर्श चित्रांत जागा मिळाली नाहीं. तसेंच विरिक्सच्या चित्रांतील मरीया बहुतेक घरांत किंवा घराजवळच दिसते. गुडघाभर चिखलांत उभ्या राहून भाताची आवणी करणाऱ्या आपल्या पश्चिमेकडील बायका, किंवा पूर्वेकडे कांद्याच्या शेतांत दिवसभर वांकून राबणाऱ्या आया, त्यांना अशा चौकटींत आपलें प्रतिबिंब कोठें सांपडावें?

या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचा यत्न पुण्यांत एका चित्रकारानें केला. आंजेलो दा फोन्सेका हे १९०२ सालीं गोव्यांत जन्मले. त्यांनीं शांतिनिकेतनांत कलेचें शिक्षण घेतलें, आणि नंतर पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमांत राहून अनेक वर्षें चित्रें काढलीं. १९६७ सालीं ते वारले. त्यांच्या चित्रांतील मरीया साडी नेसलेली, आपल्याकडील बाईसारखी दिसते. हें पाहून त्या काळीं कित्येक ख्रिस्ती लोकांस राग आला. त्यांस निळ्या झग्यांतील गोरी मरीयाच खरी वाटत होती. परंतु ती गोरी मरीया तरी कोठून आली? तीही युरोपांतील चित्रकारांनीं आपापल्या बायाबापड्यांस पाहूनच काढलेली होती. फोन्सेका यांनीं त्यांचाच कित्ता आपल्या मुलखांत गिरविला.

आतां त्या मुलाच्या उत्तराकडे परत येतों. चित्रांत सगळे असावे लागतात, असें मनांत बसलें म्हणजे ज्याच्या घरीं सगळे नाहींत त्यास आपलें घर उणें वाटूं लागतें. आपल्याच शाळेंत पाहा. कोणाचे वडील मुंबईस आहेत. कोणाची आई लहानपणींच गेली. कोणी मामाच्या आधारानें शिकतो. डिंभे धरणाच्या पाण्याखालीं जुनें आंबेगांव गेलें, तेव्हां कित्येक कुटुंबांचीं घरेंच उठलीं व माणसें पांगलीं. अशा मुलानें तसबिरीकडे पाहून मनांत खंत करावी, हा त्या तसबिरीचा उपयोग नव्हे.

आणि खरें सांगावयाचें तर ज्यांचीं तीं चित्रें आहेत, त्यांचीं घरें तरी कोठें तशीं अखंड होतीं? सिंहासनावर बसलेल्या सीतेच्या मागें वनवास होता आणि पुढेंही वनवासच होता. मत्तयाच्या शुभवर्तमानांत बाळ येशूस घेऊन आईबापांस रात्रीं परदेशीं पळावें लागलें. लूकाच्या शुभवर्तमानांत बारा वर्षांचा मुलगा तीन दिवस हरवला होता. मार्काच्या तिसऱ्या अध्यायांत तर घरच्यांस वाटलें कीं याचें डोकें ठिकाणावर नाहीं, आणि ते त्यास न्यावयास आले. या गोष्टी भिंतीवरच्या तसबिरींत सहसा दिसत नाहींत.

म्हणून मीं त्या मुलास आणखी एक चित्र दाखविलें. हॉलंडांतील रेम्ब्रांट यानें तें १६५४ सालीं तांब्याच्या पत्र्यावर आम्लाच्या साहाय्यानें कोरलें. छापील चित्र हाताच्या पंजाएवढेंच आहे. मरीया जमिनीलगत बसून बाळास गालाशीं धरून आहे. एक मांजर तिच्या वस्त्राच्या कांठाशीं खेळत आहे. घरांत दुसरें कोणी नाहीं. योसेफ बाहेर आहे, आणि खिडकीच्या कांचेंतून आंत पाहत आहे. मुलगा बराच वेळ त्या खिडकीकडे पाहत राहिला. मग त्यानें विचारलें, "सर, हे आंत कां येत नाहींत?" मीं म्हणालों, "ठाऊक नाहीं. पण त्यांचें लक्ष कोठें आहे तें तर दिसतें ना?"

नंतर मीं त्यास शिवनेरीची आठवण दिली. गडावर शिवकुंजांत जिजाबाई व बाल शिवाजी यांची मूर्ति आहे. त्या मूर्तींत शहाजीराजे नाहींत. त्या धामधुमीच्या काळांत ते मोहिमांवर असत. तथापि ती मूर्ति पाहून हें घर अपुरें आहे असें आजवर कोणी म्हटलें आहे काय?

मित्रहो, यावरून आदर्शाचीं चित्रें टाकून द्यावीं असें मात्र कोणी समजूं नये. बाळास पेला पाजणारा योसेफ पाहून एखाद्या बापाचा हात मुलाकडे वळला, किंवा चार भाऊ पाहून दोन भावांनीं कोर्टाची पायरी चढण्याचें टाळलें, तर त्या तसबिरीचें सार्थक झालें. आदर्श हा प्रत्येकानें स्वतःस लावून पाहण्याचा आहे. दुसऱ्याचें घर मोजण्याचा तो गज नव्हे. सुट्टींत घरीं जाल तेव्हां भिंतीवरच्या तसबिरी एकदां निरखून पाहा. मध्यें कोण आहे, कोण काम करीत आहे आणि कोण दिसत नाहीं, असे तीन प्रश्न विचारा. आणि जें माणूस चित्रांत दिसत नाहीं, त्याच्यासाठीं आपणांस काय करतां येईल तेंही मनांत आणा.

त्या मुलानें वर्षाअखेरीस आपलें चित्र पुन्हां काढलें. या खेपेस घरांत आजी, आई, बहीण व धाकटा भाऊ आहेत, आणि तो स्वतःही आहे. पहिल्या चित्रांत तो स्वतःस काढावयास विसरला होता. वडील घराबाहेर, एस्. टी.तून उतरून, खांद्यावर पिशवी घेऊन चालत येत आहेत. रस्ता बराच लांब काढला आहे. आईचें तोंड या वेळीं समोर नाहीं. ती दाराकडे पाहत आहे.